स्टार कासवांच्या नाकातून पाणी, जिभेवर पिवळा थर: व्हायरस की बॅक्टेरिया, कसं ठरवायचं?

प्रश्न: केंद्र_पशुवैद्य

आमच्या केंद्रात जप्तीतून आलेली २२ स्टार कासवं आहेत, बहुतेक १५० ते ४०० ग्रॅमची. आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एकेकाच्या नाकातून पाणी यायला लागलं. आता नऊ आजारी आहेत. नाकपुड्यांवर फेस, पापण्या सुजून चिकटलेल्या, श्वास घेताना मान लांब करून तोंड उघडतात. तिघांच्या जिभेवर आणि टाळूवर पिवळट थर आहे, चिमट्याने काढायला गेलं की खालून रक्त येतं. दोन दगावली.

सहा जणांना एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक चालू केलं. नाकाचं पाणी कमी झालं, पण तोंडातला थर तसाच आहे. नाकाच्या स्वॅबच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) सुडोमोनास आणि सिट्रोबॅक्टर हे जिवाणू आले, दोन्ही सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकला संवेदनशील. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत पाठवलं होतं, लॅबने ‘हिमोलाइज्ड’ (तांबड्या पेशी फुटलेल्या) म्हणून परत केलं.

बाजूच्या खोलीत लोकांनी आणून सोडलेले रेड-इअर्ड स्लायडर (पाण्यातली पाळीव कासवं) आहेत. दोघांच्या कानाशी गाठ आहे, एक तिरका पोहतो. दोन्ही खोल्यांत माणसं तीच, बादल्याही त्याच. रात्रीचं तापमान सध्या २२ अंशांपर्यंत उतरतं.

सेफ्टाझिडिमवर जाऊ का? विषाणू असेल तर कोणते नमुने, कशात आणि किती घ्यायचे? निधी मर्यादित आहे, सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या होणार नाहीत.

प्रतिसाद: सरीसृप_ओपीडी

डॉक्टर, आधी बादल्या वेगळ्या करा आणि खोली गरम करा. आजारी स्टार कासवांना दिवसा २८ ते ३२ अंश, एका कोपऱ्यात दिव्याखाली ३५, आणि रात्री २५ च्या खाली अजिबात नाही. गारठलेल्या कासवाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि औषधही शरीरात नीट फिरत नाही. २२ अंशांत चाललेल्या उपचाराला प्रतिसाद मिळाला नाही, यावरून औषधाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता कल्चरबद्दल. सुडोमोनास, सिट्रोबॅक्टर, एरोमोनास, क्लेब्सिएला ही मंडळी निरोगी कासवाच्या नाकातोंडातही सापडतात. नाकाच्या टोकावरून घेतलेल्या स्वॅबवर ती उगवली म्हणून आजार त्यांनीच केला असं म्हणता येत नाही. विषाणूने किंवा मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूने आतलं अस्तर सोलून काढलं की हेच जिवाणू जखमेवर बसतात. मग अँटिबायोटिकने नाक कोरडं होतं, सगळ्यांना वाटतं निदान बरोबर होतं, आणि महिन्याभरात पुन्हा पाणी सुरू.

तुमच्या वर्णनाला चार कारणं लागू पडतात. जिभेवर घट्ट चिकटलेला, काढल्यावर रक्त येणारा थर दिसला की जमिनीवरच्या कासवांत पहिला संशय हर्पीसव्हायरसवर जातो. टेस्टुडिनिड हर्पीसव्हायरसचे चार प्रकार माहीत आहेत, त्यातला तिसरा सर्वांत घातक आणि अनेक जातींत जाणारा. दुसरा रानाव्हायरस: पापण्या आणि मानेची सूज, तोंडात थर, आणि मृत्यू झपाट्याने. तिसरा मायकोप्लाझ्मा अगासिझी, ज्यात नाक वाहतं, डोळे सुजतात, पण जिभेवर असा थर सहसा नसतो. चौथं कारण ना व्हायरस ना बॅक्टेरिया: पेशींच्या केंद्रकात वाढणारा कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी. तो हुबेहूब असाच दिसतो आणि अँटिबायोटिकला दाद देत नाही. एकाच कासवात दोन-तीन कारणं एकत्र असणं नेहमीचंच. बाहेरून पाहून यांतलं एक निवडणं कोणालाच जमत नाही, म्हणून नमुने घ्यायचे.

सेफ्टाझिडिम द्यायला हरकत नाही, २० मिग्रॅ प्रति किलो, दर ७२ तासांनी, पुढच्या पायाच्या स्नायूत. पण ते पेशीभित्तिकेवर काम करतं आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. फक्त सेफ्टाझिडिमवर गेलात तर मायकोप्लाझ्मा मोकळा राहील. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन त्याच्यावर चालतं, मात्र जंतू पूर्ण जातोच असं नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं इंजेक्शन स्नायू जाळतं, तेव्हा पहिल्या डोसनंतर तोंडाने देता येतं का बघा.

नमुने कोणाचे? ज्यांना अजून औषध सुरू झालेलं नाही आणि लक्षणं ताजी आहेत अशी तीन निवडा. नऊपैकी सहा औषधावर आहेत, म्हणजे उरलेली तीन नेमकी तीच. तपासणीसाठी आजारी जनावराचं औषध बंद करू नका.

मायकोप्लाझ्मासाठी कोरड्या स्वॅबपेक्षा नाक धुऊन घेतलेलं पाणी चांगलं. २४ गेजच्या आयव्ही कॅन्युलाची सुई काढून टाका, फक्त प्लॅस्टिकची नळी १ मिलिच्या सिरिंजला लावा. कासवाचं डोकं खाली झुकवून धरा, कारण नाकातलं पाणी टाळूच्या भोकातून तोंडात उतरतं आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. डोकं वर असेल तर तेच पाणी फुप्फुसात जाईल. २०० ग्रॅमच्या कासवाला एका नाकपुडीत अर्धा मिलि सलाइन हळू सोडा आणि नाकातोंडातून जे परत येईल ते निर्जंतुक डबीत धरा. दोन-तीन थेंब आले तरी पुरतात. तोंडाचा स्वॅब थराच्या कडेवरून, निरोगी आणि खराब अस्तराच्या सीमेवर घ्या. थराच्या मधोमध फक्त मेलेल्या पेशी आणि बुरशी-बॅक्टेरिया मिळतात. त्याच कासवाच्या अवस्कराचा (शेपटीखालच्या मलमूत्राच्या सामाईक पोकळीचा) स्वॅब वेगळा घ्या.

रक्ताचं म्हणाल तर कासवाच्या तांबड्या पेशी ईडीटीएमध्ये फुटतात, तुमच्या लॅबची चूक नाही. लिथियम हेपॅरिनची नळी वापरा. शरीराच्या वजनाच्या ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्त काढायचं नाही, आणि आजारी असेल तर त्याच्या निम्मं. म्हणजे २०० ग्रॅमला १ मिलि ही हद्द, तुम्ही अर्धा मिलिवर थांबा. उजव्या बाजूची मानेची शीर सर्वांत भरवशाची. कवचाखालच्या पोकळीतून किंवा शेपटीतून घेतलं तर त्यात लसिका (शरीरातला रंगहीन द्रव) मिसळते आणि पॅक्ड सेल व्हॉल्यूम (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) खोटा कमी येतो. ते २० टक्क्यांच्या खूप खाली आलं तर रक्तक्षय म्हणण्याआधी नमुना पातळ झाला का हे तपासा. सिरिंजमधला पहिला थेंब लगेच काचेवर पसरवा, हेपॅरिनमध्ये जाण्याआधी, नाहीतर स्लाइड निळसर होऊन पेशी ओळखू येत नाहीत. मोजणी हातानेच करावी लागेल. यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे यंत्र त्या पांढऱ्या म्हणून मोजतं.

प्रतिसाद: लॅब_मायक्रो

वरच्या प्रतिसादाला लॅबच्या बाजूने पुरवणी. कासवांचे नमुने बहुतेक वेळा प्रवासातच वाया जातात आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी) प्लॅस्टिकच्या काडीचा, नायलॉन किंवा पॉलिस्टर टोकाचा स्वॅब लागतो. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेट पीसीआरला अडथळा करतात. कल्चरसाठी वापरतात तो जेलचा किंवा कोळशाचा माध्यम-स्वॅब इथे नको. स्वॅब कोरडाच निर्जंतुक नळीत ठेवा, किंवा कोविडच्या काळात सगळीकडे पोहोचलेलं व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियम असेल तर त्यात बुडवा. पण त्या माध्यमात अँटिबायोटिक असतं, त्यामुळे त्याच नळीतून नंतर कल्चर मागू नका, काही उगवणार नाही. हेपॅरिनही पीसीआर रोखतं. म्हणून पीसीआरचं रक्त वेगळं: दोन-तीन थेंब फिल्टर कागदावर किंवा एफटीए कार्डावर (डीएनए टिकवणाऱ्या खास कागदावर) वाळवा, नाहीतर थोडं ईडीटीएमध्ये घ्या. तिथे पेशी फुटल्या तरी बिघडत नाही, डीएनए शाबूत राहतो.

दोन-तीन दिवसांत पोहोचणार असेल तर ४ अंशांवर, जेल पॅकसोबत. उशीर होणार असेल तर उणे ८०. घरगुती फ्रीजरमध्ये गोठवणं आणि वितळवणं वारंवार झालं तर विषाणू वाढवून बघता येत नाही. पार्सल सोमवार-मंगळवारी पाठवा. शुक्रवारचं पार्सल रविवारी कुरियरच्या गोदामात उकळत पडतं.

पैसे कमी आहेत तर सुरुवात काचेच्या स्लाइडपासून करा, ती तुमच्याकडेच होते. जिभेच्या थराच्या कडेची हलकी खरवड घ्या, चार स्लाइड करा. एकीला जिम्सा किंवा डिफ-क्विक रंग, एकीला ग्रॅम रंग, एकीला झील-नील्सन रंग, एक राखून. हेटेरोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर आणि त्यांच्या पोटात गिळलेले दांडीसारखे जिवाणू दिसले तर तो जिवाणू संसर्ग खरा धरा. जिवाणू नुसतेच बाहेर विखुरलेले असतील तर ते तोंडातले नेहमीचे रहिवासी असू शकतात. विषाणूसाठी अस्तराच्या पेशींकडे बघा. हर्पीसमध्ये केंद्रकाच्या आत गुलाबी ठिपका दिसतो, आणि त्याने केंद्रकातलं बाकीचं द्रव्य कडेला रेटलेलं असतं. रानाव्हायरसमध्ये ठिपका निळसर आणि केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवात. दिसला तर मोठा पुरावा. नाही दिसला तर काहीच नाकारता येत नाही, कारण थर जुना झाला की अशा पेशी गळून गेलेल्या असतात.

रक्ताच्या स्लाइडवर हेटेरोफिलचा पेशीद्रव निळसर, फेसाळ, दाणे विरलेले असे दिसले तर रक्तात विषार आहे, बहुधा जिवाणूंचा. नुसत्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर जाऊ नका. जात, वय, ऋतू यांनुसार तो इतका बदलतो की एका आकड्यावरून निर्णय घेणं धोक्याचं.

कल्चर पुन्हा करणार असाल तर लॅबला सांगा की एक प्लेट ३७ अंशांवर आणि एक २५ ते ३० अंशांवर ठेवा. माणसांच्या लॅबमध्ये फक्त ३७ होतं आणि कासवाच्या अंगातले काही जंतू त्या उष्णतेत वाढत नाहीत. रक्ताचं कल्चर नाकाच्या कल्चरपेक्षा कितीतरी जास्त बोलतं. कातडी क्लोरहेक्सिडिनने आणि मग ७० टक्के अल्कोहोलने पुसून, लहान मुलांसाठीची ब्लड कल्चर बाटली वापरा, अर्धा मिलि चालतं. मात्र हे रक्त वरच्या हद्दीतच धरायचं, म्हणजे २०० ग्रॅमच्या आजारी कासवाकडून मोजणी आणि कल्चर एकाच दिवशी होणार नाही. त्यासाठी ४०० ग्रॅमच्या आसपासचं कासव निवडा. मायकोप्लाझ्माचं कल्चर मागू नका, आठवडे लागतात. पीसीआरच मागा.

पीसीआर कोणते? पहिल्या फेरीत तीन कासवांचे तोंडाचे स्वॅब हर्पीस आणि रानाव्हायरससाठी, आणि नाकाचं पाणी मायकोप्लाझ्मासाठी. हर्पीससाठी पॉलिमरेज जीनवरचा सर्वसमावेशक नेस्टेड (दोन टप्प्यांचा) पीसीआर मागा, तो चारही प्रकार पकडतो आणि पुढे डीएनएच्या क्रमवाचनाने प्रकार कळतो. रानाव्हायरससाठी मेजर कॅप्सिड प्रोटीनचा जीन. कॉक्सिडियासाठी डोळ्याचा, तोंडाचा आणि अवस्कराचा स्वॅब राखून ठेवा, पहिली फेरी निगेटिव्ह आली तर लगेच लागतील. आपल्याकडे इज्जतनगरची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था) आणि हैदराबादची लाकोन्स ही प्रयोगशाळा इथे वन्यप्राण्यांच्या रोगतपासणीचं काम चालतं, पण कासवांसाठी नेमके कोणते प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) सध्या हाताशी आहेत हे पाठवण्याआधी फोनवर विचारा.

रिपोर्ट वाचताना: हर्पीस एकदा शिरला की आयुष्यभर राहतो आणि अधूनमधूनच बाहेर पडतो. तेव्हा आजारी कासवाच्या थरात पॉझिटिव्ह म्हणजे बरंच काही, पण निरोग्याचा एक निगेटिव्ह स्वॅब म्हणजे काहीच नाही. मायकोप्लाझ्मा निरोग्यातही पॉझिटिव्ह येऊ शकतो. साल्मोनेला सापडला तर त्याच्यामागे औषध घेऊन लागू नका. तो कासवांच्या आतड्यात असतोच आणि औषधाने जात नाही. तिथे काळजी माणसांची घ्यायची: हातमोजे, साबण, आणि स्वयंपाकाच्या सिंकमध्ये कासवाचं भांडं धुवायचं नाही.

प्रतिसाद: गोड्यापाण्यातली_कासवं

स्लायडरबद्दल. कानाच्या पडद्याशी गाठ म्हणजे बहुतेक वेळा मध्यकर्णातला गळू, आणि त्यामागे अ जीवनसत्त्वाची कमतरता. अस्तर जाड होतं, कानातून घशाकडे जाणारी नळी बुजते, मग बॅक्टेरिया साठतात. कासवाचा पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट गोळा असतो, त्यामुळे सुईने ओढून काही येत नाही आणि नुसत्या अँटिबायोटिकने बसत नाही. पडद्यावर छेद देऊन गोळा अख्खा काढावा लागतो. कल्चरसाठी गोळ्याच्या मध्यातून घेतलेला स्वॅब बरेचदा निर्जंतुक येतो. कप्प्याची आतली भिंत खरवडून तो तुकडा पाठवा, आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंसाठी वेगळी नळी द्या. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घाईने देऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलून निघते. आहारातून द्या.

तिरका पोहणारा स्लायडर एक्स-रेशिवाय समजणार नाही. वरून घेतलेल्या चित्रात आतडी आणि फुप्फुसं एकावर एक येतात. आडव्या किरणाने दोन चित्रं हवीत, एक बाजूने आणि एक समोरून, म्हणजे डावं-उजवं फुप्फुस शेजारी-शेजारी दिसतं. पांढुरकी बाजू न्यूमोनियाची. दोन्ही सारखी काळी असतील तर पोटातला वायू शोधा. न्यूमोनिया असेल तर भूल देऊन फुप्फुस धुवा, शंभर ग्रॅमला अर्धा ते एक मिलि सलाइन, जेवढं परत येईल त्याची स्लाइड आणि कल्चर. कासवांना खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, म्हणून उपचार आठवडे चालतो.

पोटाच्या कवचावर लाली, खड्डे, सुटलेले पापुद्रे दिसतात का तेही बघा. सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडीचा रक्तात शिरणारा कवचव्रण पाण्यातल्या कासवांत ओळखीचा आहे, पण लाली एरोमोनासच्या रक्तदोषातही येते. फरक रक्ताच्या कल्चरनेच कळतो.

आणि रानाव्हायरस बेडकांतही असतो. टाक्यांत पावसाळ्यात बेडूक किंवा त्यांची पिल्लं शिरतात का? जाळी लावा. बेडूक मेलेला दिसला तर टाकून देऊ नका, त्याचाही नमुना घ्या.

केंद्र_पशुवैद्य

सर्वांचे आभार. जिभेच्या खरवडीत काही पेशींच्या केंद्रकात गुलाबी ठिपका आणि कडेला रेटलेलं द्रव्य असं दिसतंय, हेटेरोफिलमध्ये दांड्याही आहेत. तीन जणांचे नमुने तयार आहेत. दगावलेली दोन्ही कासवं मात्र डीप फ्रीजमध्ये आहेत, त्यांचा उपयोग होईल का? आणि सध्या सगळं पोटॅशियम परमँगनेटने धुतोय, पुरेल?

प्रतिसाद: लॅब_मायक्रो

गोठलेल्या शरीराचा पीसीआरला उपयोग होतो. जीभ, श्वासनलिका, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि मेंदूचे छोटे तुकडे वेगवेगळ्या नळ्यांत घ्या. एकाच नळीत कोंबले की कुठला अवयव पॉझिटिव्ह होता हे हरवतं. पण ऊतीचं सूक्ष्मदर्शी चित्र बर्फाच्या स्फटिकांनी फाटतं. पुढचं कासव गेलं तर फ्रीजरमध्ये नाही, ४ अंशांवर ठेवा आणि २४ तासांच्या आत उघडा. पोटाचं कवच दोन्ही बाजूंच्या पुलावर (पाठीचं आणि पोटाचं कवच जोडणाऱ्या भागावर) करवतीने कापून उचला. प्रत्येक अवयवाचा निम्मा भाग ताजा, निम्मा दहा टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये. तुकडा ५ मिमीपेक्षा जाड नको आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट. जीभ आणि अन्ननलिका विसरू नका, नेहमी तीच राहून जातात.

ही कासवं जप्त मुद्देमाल आहेत. तेव्हा पंचनाम्याशिवाय शवविच्छेदन नको, प्रत्येक नळीवर गुन्हा क्रमांक आणि कासवाचा क्रमांक लिहा, आणि नमुने बाहेर पाठवण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या. स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे.

सगळे पीसीआर निगेटिव्ह आले तरी विषय संपत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये २०१५ साली बेलिंजर नदीतली ४०० हून अधिक कासवं सुजलेल्या डोळ्यांनी मेली किंवा मरणाला टेकली. कारण निघालं एक नवा निडोव्हायरस. तो आरएनए विषाणू आहे आणि त्याच्यासाठी तयार प्रायमर कोणाकडेच नव्हते. म्हणून प्रत्येक कासवाचा एक तुकडा आरएनए टिकवणाऱ्या द्रावात उणे ८० ला राखून ठेवा.

प्रतिसाद: सरीसृप_ओपीडी

गुलाबी ठिपका आणि तो थर एकत्र म्हणजे पीसीआर येईपर्यंत हर्पीसच धरून चाला. दांड्याही दिसतात, म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवा. अ‍ॅसायक्लोव्हिर ८० मिग्रॅ प्रति किलो तोंडाने दिलं जातं, पण ते विषाणूची वाढ रोखतं, घालवत नाही. सोबत द्रव आणि नळीने अन्न, नाहीतर कासव भुकेनेच जाईल.

परमँगनेटवर विसंबू नका. रानाव्हायरसवर ते २ आणि ५ पीपीएमला चाचणीत निष्प्रभ ठरलं आहे. त्याच चाचणीत ०.७५ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ३ टक्के ब्लीच एका मिनिटात पुरले. आधी शेण-माती घासून काढा, मग द्रावण. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपतं. काम निरोग्यांकडून आजाऱ्यांकडे, उलट नाही.

बाकीच्या अकरा जणांना कमीत कमी सहा महिने वेगळं ठेवा, दोन-तीनच्या छोट्या गटांत, आणि गट बदलू नका. महिन्याच्या अंतराने पुन्हा तोंडाचे स्वॅब घ्या. प्रतिपिंडं तयार व्हायला चार ते आठ आठवडे जातात, त्यामुळे आज केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी तिला अर्थ नाही. न्यायालयाकडून किंवा खात्याकडून ‘बरी झाली, सोडून द्या’ असा आग्रह आला तर पीसीआरचा रिपोर्ट जोडून लेखी विरोध नोंदवा. हर्पीस पॉझिटिव्ह कळपातलं एकही कासव, ते कितीही ठणठणीत दिसलं तरी, रानात जाता कामा नये. तिथल्या कासवांनी हा विषाणू कधी पाहिलेला नसेल, आणि तिकडे त्यांना तपासायला कोणी नसतं.

पीसीआर आला की इथेच टाका, कुठला प्रकार निघतो त्यावर सहा महिने पुरे की जास्त हे ठरवू.